श्रीलंकेचा भाषाकायदा आणि एका कारकुनाची पगारवाढ

श्रीलंकेत 1983 पासून 2009 पर्यंत जे युद्ध चालले त्याचे कारण विचारले की आपल्याकडे दोनपैकी एक उत्तर हमखास मिळते. सिंहली आणि तमिळ यांचे वैर दोन हजार वर्षांचे आहे, हे पहिले. 1956 साली सिंहली ही एकमेव राजभाषा झाली आणि तिथे ठिणगी पडली, हे दुसरे. पहिले उत्तर इतिहासाला धरून नाही. त्याचा समाचार पुढे घेतो. दुसऱ्यात तथ्य आहे, पण ते अर्ध्या वाटेवर थांबते. एका भाषेला राजभाषा करणारे देश जगात थोडेथोडके नाहीत. तिथेही माणसे रागावली, मोर्चे निघाले, दगडफेक झाली आणि पाच-दहा वर्षांत काहीतरी तोडगा निघाला. श्रीलंकेत तो का निघाला नाही? कायद्याच्या मजकुरात याचे उत्तर फारसे सापडत नाही. ते सापडते अर्थखात्याच्या परिपत्रकांत, खातेनिहाय परीक्षांत, कॉलेजप्रवेशाच्या गुणांत आणि पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबान्यांत. भाषा अभिमानाचा विषय असते तोवर तिच्यावरून भांडता येते आणि समेटही करता येतो. ती सरकारी नोकरीची अट झाली की भांडण पोटावर येते, आणि एकाला दिलेली सवलत दुसऱ्याला आपल्या ताटातून उचललेला घास वाटू लागते.

आधी हे मान्य केले पाहिजे की सिंहली भाषेसाठी झालेल्या चळवळीमागची तक्रार खरी होती. 1948 साली सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, स्वतंत्र झाले तेव्हा तिथल्या शंभर माणसांपैकी दहांनाही इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते, आणि सगळा कारभार मात्र इंग्रजीत. कोर्टातला निकाल इंग्रजीत, जमिनीच्या खटल्यातले कागद इंग्रजीत, पोलिसांचा अहवाल इंग्रजीत. खेड्यातला सिंहली शेतकरी आणि खेड्यातला तमिळ शेतकरी या दोघांनाही स्वतःच्या देशाचा कारभार दुभाष्याशिवाय कळत नव्हता. म्हणून 1930-40 च्या दशकांत जी मागणी पुढे आली ती स्वभाषेची होती, आणि त्या वेळी स्वभाषा म्हणजे सिंहली आणि तमिळ दोन्ही. 1944 साली तेव्हाच्या स्टेट कौन्सिलमध्ये जे. आर. जयवर्धने या तरुण सभासदाने सिंहलीला राजभाषा करण्याचा ठराव आणला. चर्चेत व्ही. नल्लय्या यांनी त्यात तमिळ जोडण्याची दुरुस्ती सुचवली आणि सभागृहाने ती मंजूर केली. पुढे बंदरनायके यांनी 1951 मध्ये श्रीलंका फ्रीडम पार्टी काढली, तिच्या पहिल्या जाहीरनाम्यातही दोन्ही भाषा होत्या. शत्रू तेव्हा इंग्रजी होती. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या बारा वर्षांत शत्रू बदलला आणि इंग्रजी मात्र जागची हलली नाही.

बदल का झाला याचा माग दोन ठिकाणी लागतो. एक उत्तरेकडच्या जाफना द्वीपकल्पात. चुनखडीची कोरडी जमीन, नदी नाही, मळ्यांना जागा नाही; तंबाखू आणि विहिरीच्या पाण्यावरची शेती एवढाच आधार. 1816 पासून अमेरिकन मिशनरी तिथे आले, वट्टुकोट्टै येथे 1823 साली त्यांची सेमिनरी सुरू झाली आणि इंग्रजी शाळांचे जाळे विणले गेले. जमीन घर चालवीत नव्हती, इंग्रजी चालवू लागली. जाफन्याची मुले रेल्वेत, टपालात, तिजोरीत, इस्पितळांत, पार मलायापर्यंत कारकून आणि डॉक्टर म्हणून गेली. स्वातंत्र्याच्या वेळी सरकारी नोकऱ्यांत तमिळांचा वाटा लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याहून बराच जास्त होता. यात कुणाचा कट नव्हता. ज्या प्रदेशाकडे दुसरे पीक नाही तो शिक्षणाचे पीक घेतो, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पण दक्षिणेकडच्या खेड्यात सिंहली शाळेत शिकून बाहेर पडलेल्या तरुणाला, गावच्या शाळामास्तराला आणि आयुर्वेदाच्या वैद्याला कचेरीत गेल्यावर टेबलापलीकडे तमिळ कारकून दिसत होता. इंग्रजीत पारंगत असलेला सिंहली साहेब त्याच्याही वरच्या मजल्यावर होता. तो सहसा दिसत नसे.

दुसरे ठिकाण मतपेटीचे. स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच केलेल्या नागरिकत्वाच्या कायद्याने चहामळ्यांतल्या भारतीय वंशाच्या सुमारे सात लाख तमिळ मजुरांचे नागरिकत्व, आणि पाठोपाठ मताधिकार, काढून घेतला गेला. 1947 च्या निवडणुकीत या मजुरांच्या पक्षाने सहा जागा जिंकल्या होत्या. 1952 मध्ये तो आवाज संपला. या घटनेकडे भाषेच्या इतिहासात फारसे कुणी पाहत नाही, पण माझ्या मते 1956 चे मूळ इथे आहे. मळ्यांच्या भागात लोकसंख्या धरून मतदारसंघ राहिले आणि मते देणारे उरले फक्त सिंहली. संसदेत सिंहली मतांचे वजन त्यांच्या सत्तर टक्के लोकसंख्येपेक्षाही वाढले. मग दोन मोठ्या पक्षांना तमिळ मतांची गरजच उरली नाही. सर जॉन कोटेलावाला या पंतप्रधानांनी जाफन्याच्या दौऱ्यात दोन्ही भाषांना समान दर्जा देऊ असे सांगितले, त्यावर दक्षिणेत गदारोळ उठला आणि 1956 च्या फेब्रुवारीत त्यांच्याच पक्षाने फक्त सिंहलीचा ठराव केला. समोर बंदरनायके चोवीस तासांत सिंहली राजभाषा करण्याचे वचन देत गावोगाव फिरत होते. हे गृहस्थ ऑक्सफर्डला शिकलेले, ख्रिस्ती घरातले, इंग्रजी वक्तृत्वासाठी नावाजलेले. त्या वर्षी बुद्धाच्या परिनिर्वाणाला 2500 वर्षे पूर्ण होत होती. भिक्षू, शाळामास्तर आणि वैद्य त्यांच्यामागे उभे राहिले. एप्रिलच्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला 95 पैकी 51 जागा मिळाल्या, कोटेलावालांचा पक्ष आठांवर आला.

विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात तमिळच्या वाजवी वापराची तरतूद होती. संसदेच्या आवारात एका अध्यापकाने उपोषण मांडले, भिक्षूंच्या संघटनांनी दबाव आणला आणि ती तरतूद गळाली. 5 जून 1956 रोजी विधेयक मांडले गेले तेव्हा तमिळ नेते चेल्वनायकम यांच्या फेडरल पार्टीचे लोक कोलंबोच्या गॅल फेस मैदानावर सत्याग्रहाला बसले होते. जमावाने त्यांना झोडपले, पोलीस बघत राहिले. पाठोपाठ पूर्वेकडच्या गाल ओया धरण-वसाहतीत दंगल होऊन माणसे मेली. विधेयक 29 विरुद्ध 56 मतांनी मंजूर झाले. डाव्या लंका समसमाज पक्षाचे कोल्विन आर. डी सिल्वा यांनी त्याच चर्चेत बजावले होते की दोन भाषा ठेवाल तर देश एक राहील, एकच भाषा ठेवाल तर देश दोन होतील. हे भाकीत श्रीलंकेवरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात येते. त्यापुढची गोष्ट कमी वेळा येते: हेच डी सिल्वा पुढे मंत्री झाले, आणि सिंहलीला एकमेव राजभाषेचे स्थान थेट राज्यघटनेत देणारी 1972 ची घटना त्यांच्याच देखरेखीखाली लिहिली गेली.

कायदा वाचायला घेतला तर आश्चर्य वाटते. तो पुरता एक पानभर नाही. सिंहली ही एकच राजभाषा असेल, आणि जिथे हे लगेच जमणार नाही तिथे 31 डिसेंबर 1960 पर्यंत जुनी भाषा चालू ठेवता येईल, एवढेच. कोणत्या खात्यात कसे, तमिळ भागात पत्रव्यवहार कसा, आधीपासून नोकरीत असलेल्या माणसांचे काय, यातले काही त्यात नाही. म्हणजे सगळे परिपत्रकांवर सोपवलेले. मला वाटते, पुढच्या तीस वर्षांच्या रोगाचे बीज या मौनात आहे. राजकीय पुढाऱ्यांनी घोषणा केली आणि तिचा अर्थ लावण्याचे काम कारकुनांवर टाकले. त्यामुळे प्रत्येक टेबलावर रोज नवा भाषावाद होऊ लागला आणि त्याला जबाबदार असा कुणीच उरला नाही.

हे कसे चालले ते एका माणसाच्या खटल्यातून दिसते. चेल्लय्या कोडीश्वरन हे सरकारच्या कारकुनी सेवेतले तमिळ कर्मचारी. कायदा होण्याच्या आधीच ते नोकरीत लागले होते, काम इंग्रजीत करीत होते. 1961 च्या डिसेंबरात अर्थखात्याने परिपत्रक काढले की नोकरीत असलेल्या अधिकाऱ्यांनी ठरावीक मुदतीत सिंहलीच्या परीक्षा द्याव्यात, नाहीतर वार्षिक वेतनवाढ रोखली जाईल. कोडीश्वरन परीक्षेला बसले नाहीत. 1962 मध्ये त्यांची वाढ थांबवली गेली. रक्कम किरकोळ होती, पण ते कोलंबोच्या जिल्हा न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे साधे: परिपत्रक ज्या भाषाकायद्यावर उभे आहे तो कायदाच घटनाबाह्य आहे, कारण तेव्हाच्या घटनेचे कलम 29 एखाद्या समाजावर इतरांवर नसलेला बोजा लादणारा कायदा करू देत नव्हते. 1964 मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. निकाल देणारे न्यायाधीश डी क्रेट्सर तमिळ नव्हते, हे विशेष. सरकार अपिलात गेले. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाषेच्या प्रश्नाला हातच लावला नाही. सरकारी नोकराला पगारासाठी सरकारवर दावा लावता येत नाही, या मुद्द्यावर निकाल फिरवला. मग प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेले. 1969 च्या डिसेंबरात तिथल्या न्यायमूर्तींनी सांगितले की दावा लावता येतो, आणि मूळ घटनात्मक प्रश्न तपासायला प्रकरण परत कोलंबोला पाठवले. तो प्रश्न पुन्हा कधी सुनावणीला आला नाही. 1971 मध्ये प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याचा मार्ग बंद करण्यात आला, 1972 मध्ये नवी घटना आली आणि कलम 29 नाहीसे झाले. एका कारकुनाची वार्षिक वाढ दहा वर्षे देशाच्या सर्वोच्च कायद्याशी झुंजली आणि तिचा निकाल लागू नये म्हणून की काय, कायद्याची जमीनच बदलण्यात आली. कोर्टाने निर्णय दिला असता तर युद्ध टळले असते, असा दावा मी करणार नाही. पण ज्या समाजाला कोर्ट हा शेवटचा सनदशीर मार्ग वाटत होता त्याच्या समोरून तो मार्ग काढून घेतला गेला, हे खरे.

तडजोडीचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. ते झाले आणि प्रत्येक वेळी फाडले गेले. 26 जुलै 1957 च्या बंदरनायके-चेल्वनायकम करारात उत्तर-पूर्वेत तमिळमध्ये कारभार आणि प्रादेशिक मंडळे मान्य झाली होती. विरोधी पक्षातल्या जयवर्धनेंनी त्याविरुद्ध कँडीच्या दिशेने पदयात्रा काढली. तेच जयवर्धने, ज्यांच्या ठरावात तेरा वर्षांपूर्वी तमिळ आली होती. दरम्यान वाहनांच्या नंबरप्लेटवर सिंहली लिपीतले 'श्री' अक्षर सक्तीचे झाले. उत्तरेत त्याला डांबर फासले, दक्षिणेत तमिळ पाट्यांना डांबर फासले. भिक्षू घरासमोर ठाण मांडून बसल्यावर 1958 च्या एप्रिलमध्ये बंदरनायकेंनी करार मोडला आणि मे महिन्यात देशभर दंगल उसळली. त्या दंगलीनंतर ऑगस्टमध्ये तमिळ भाषेच्या वापराचा स्वतंत्र कायदा झाला, तोही तमिळ खासदार स्थानबद्ध असताना. बरे, कायदा तर झाला. त्याचे नियम मात्र 1966 पर्यंत निघाले नाहीत. आठ वर्षे तमिळला अधिकार होता आणि तो वापरण्याची पद्धत ठरलेली नव्हती. 1961 मध्ये जाफन्याच्या लोकांनी कचेरीसमोर (तिकडेही हाच शब्द चालतो) सत्याग्रह केला, काही दिवस स्वतःची टपालसेवा चालवून तिकिटे विकली, आणि सरकारने आणीबाणी जाहीर करून सैन्य धाडले. मागणी काय होती? जिल्हा कचेरीतला कागद तमिळमध्ये मिळावा.

शाळेत जे घडले ते याहून खोल गेले. स्वभाषेतून शिक्षण ही पुरोगामी मागणी होती आणि ती पूर्ण झाली: 1945 नंतर प्राथमिक, पन्नाशीच्या दशकात माध्यमिक, 1960 नंतर विद्यापीठातल्या कला शाखा. पण सिंहली मूल सिंहलीत, तमिळ मूल तमिळमध्ये आणि दोघांच्या मधली इंग्रजी काढून घेतलेली. एकमेकांची भाषा मात्र कुणालाच शिकवली नाही. एका पिढीत असे तरुण तयार झाले की एकाच शहरात राहूनही त्यांना एकमेकांचे वर्तमानपत्र वाचता येत नव्हते. त्यांच्या आईबापांना निदान इंग्रजीत वाद घालता येत असे. त्यातून 1970-71 पासून विद्यापीठ प्रवेशात माध्यमानुसार वेगवेगळी गुणरेषा आली. पेराडेनियाच्या इंजिनिअरिंगला 400 पैकी तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्याला 250 आणि सिंहली माध्यमाच्या विद्यार्थ्याला 227 गुण पुरेसे होते. पुढे जिल्हावार कोटा आला. समर्थनाला एक युक्तिवाद होता: ग्रामीण भागातल्या मुलांना संधी मिळावी. जिल्हावार कोट्याच्या बाबतीत तो युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो. त्याचा फायदा मागास तमिळ जिल्ह्यांनाही झाला. पण मूळ गुणरेषा गरिबीवर काढलेली नव्हती, शाळेच्या माध्यमावर काढलेली होती. सरकारी नोकरीचे दार आधीच बंद झालेल्या जाफन्याच्या घरात आता डॉक्टर-इंजिनिअर होण्याचे दारही किलकिले उरले. त्याच काळात हातात शस्त्र घेणारी पोरे कॉलेजच्या वयाची होती, यात नवल नाही.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळे केले त्या सिंहली गरिबांच्या पदरात काय पडले? 1971 च्या एप्रिलमध्ये जनता विमुक्ती पेरमुना या संघटनेच्या तरुणांनी देशभरच्या पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. हे बंडखोर सिंहली, बौद्ध, खेड्यातले आणि सिंहली माध्यमातून शिकलेले होते. त्यांच्या हातात पदव्या होत्या, नोकऱ्या नव्हत्या. खासगी कंपन्या, बँका, निर्यातीचे व्यापारी, वरिष्ठ डॉक्टर आणि वकील यांची भाषा इंग्रजीच राहिली होती. सिंहली तरुणांच्या बोलीत इंग्रजीला 'कडुवा', म्हणजे तलवार, म्हणतात. जी दुसऱ्याच्या हातात असते आणि आपली मान कापते. सरकारने ते बंड चिरडले, हजारो तरुण मारले गेले. 1987-89 मध्ये पुन्हा तेच झाले, त्याहून भयानक. राजभाषेच्या कायद्यामुळे मळेवाल्यांच्या आणि मंत्र्यांच्या मुलांना काहीही गमवावे लागले नाही. ती परदेशात शिकत होती. भांडण लागले ते कारकुनी जागेसाठी रांगेत उभ्या असलेल्या दोन गरिबांत. या दोन सिंहली बंडांचा विचार न करता श्रीलंकेचे भाषायुद्ध समजावून सांगता येत नाही, आणि तरीही ते बहुतेक वेळा वेगळ्या प्रकरणात टाकले जाते.

आता त्या जुन्या वैराच्या उत्तराकडे वळू. महावंस या प्राचीन पाली ग्रंथात दुट्ठगामणी राजा आणि चोळ एळार यांच्या लढाईची कथा आहे, तिचा विसाव्या शतकातल्या राजकारणात भरपूर वापर झाला, हे मान्य. पण 1911 मध्ये सुशिक्षित सिलोनी लोकांसाठी राखलेल्या एकमेव जागेवर निवडून आले ते पोन्नंबलम रामनाथन, तमिळ. 1919 मध्ये सिलोन नॅशनल काँग्रेस स्थापन झाली तिचे पहिले अध्यक्ष त्यांचे बंधू अरुणाचलम. दोन हजार वर्षांचे वैर मनात असलेली माणसे असे मतदान करीत नाहीत. (जातीचे हिशेबही त्यात होते, हे खरे, पण जातीचा हिशेब वंशाच्या हिशेबावर मात करू शकत होता, हेच त्यातून दिसते.) दुसरा पुरावा उलट बाजूने येतो. भाषा हीच ओळख असती तर तमिळ बोलणारे सगळे एका बाजूला उभे राहिले असते. तसे झाले नाही. श्रीलंकेतल्या बहुतेक मुसलमानांची घरची भाषा तमिळ, पण त्यांनी स्वतःला तमिळ म्हणवून घेतले नाही. आणि ऑक्टोबर 1990 मध्ये तमिळ ईलम या स्वतंत्र राज्यासाठी लढणाऱ्या लिट्टे या सशस्त्र संघटनेने उत्तरेतल्या तमिळभाषी मुसलमानांना काही तासांची मुदत देऊन घरांतून हाकलून लावले. चहामळ्यांतले तमिळही युद्धापासून बहुतांशी दूरच राहिले. त्यांचे भांडण नागरिकत्वाचे आणि मजुरीचे होते. भाषा एक असून तीन वेगळी राजकारणे, कारण राज्यसंस्थेशी तिघांचा संबंध तीन प्रकारचा होता.

इथे एक रास्त आक्षेप येतो. भाषेच्या अंमलबजावणीने युद्ध झाले म्हणता, तर 1987 मध्ये तमिळ राजभाषा झाल्यावर ते थांबले का नाही? तेरावी घटनादुरुस्ती त्या वर्षी भारत-श्रीलंका करारानंतर झाली. राष्ट्राध्यक्ष होते जयवर्धनेच. पुढच्या वर्षी सोळाव्या दुरुस्तीने कारभाराच्या भाषेची तपशीलवार तरतूद केली. पण बैल गेला होता आणि झोपा केला जात होता. 1976 मध्ये वट्टुकोट्टैच्या अधिवेशनात, म्हणजे जिथे मिशनऱ्यांनी इंग्रजीचे पहिले मोठे विद्यालय काढले त्याच परिसरात, तमिळ पक्षांनी स्वतंत्र राज्याचा ठराव केला होता. 1981 मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले, सुमारे 97,000 ग्रंथ आणि हस्तलिखिते गेली. 1983 च्या जुलैमध्ये कोलंबोत तमिळ घरे वेचून जाळली गेली. रस्त्यात अडवलेल्या माणसाकडून बादलीला असलेला सिंहली शब्द 'बाल्दिय' वदवून घेत आणि 'ब' नीट उच्चारता आला नाही की तो तमिळ ठरत असे. यानंतर मागणी तमिळ अर्जाची राहणे शक्य नव्हते. शिवाय युद्ध सुरू झाले की त्याचे स्वतःचे अर्थकारण आणि स्वतःचा दरारा तयार होतो. अमिर्तलिंगम हे संसदीय मार्गाचे तमिळ नेते 1989 मध्ये आणि घटनातज्ज्ञ नीलन तिरुचेल्वम 1999 मध्ये मारले गेले, ते लिट्टेकडून. तेव्हा 1987 नंतरचे युद्ध भाषेवर ढकलणे चूक ठरेल. माझा दावा तेवढ्यापुरता मर्यादित आहे: युद्धाच्या आधीची तीस वर्षे, ज्यात सनदशीर राजकारणाची पत संपली, ती अंमलबजावणीने संपवली.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा. भारतातही त्याच 1956 साली भाषेवरून रक्त सांडले. मुंबईत गोळीबार झाले, संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. मद्रासमध्ये 1965 ला हिंदीविरोधी आंदोलनाने पेट घेतला. मग इथे युद्ध का नाही? भारतीय नेते शहाणे होते म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. द्वैभाषिक मुंबई राज्याचा हट्ट शहाणपणाचा नव्हता. फरक रचनेचा आहे. हिंदी बोलणारे देशात बहुसंख्य नव्हते, दिल्लीला सरकार टिकवायला मद्रास आणि मुंबई दोन्ही लागत होते. म्हणून 1960 च्या 1 मे रोजी महाराष्ट्र झाला आणि 1967 च्या दुरुस्तीने केंद्रात इंग्रजी चालू ठेवण्याची हमी कायद्यात आली. शिवाय मराठी माणसाला कारभाराची भाषा मिळाली ती राज्यात. दिल्लीत नोकरी करणाऱ्या तमिळ कारकुनाची पगारवाढ त्यामुळे रोखली गेली नाही. सिलोनमध्ये राज्य एकच होते आणि त्याची कचेरीही एकच. तिथे हरलेल्याला दुसरीकडे जायला जागा नव्हती.

या विषयावर चांगले संशोधन झाले आहे. हॉवर्ड रिगिन्स आणि रॉबर्ट कर्नी यांनी साठच्या दशकातच पाया घातला, के. एन. ओ. धर्मदास यांनी सिंहली भाषाभिमानाची वाटचाल उलगडली, आणि नील डेव्होटा यांनी 2004 च्या पुस्तकात दाखवले की पक्षांच्या चढाओढीत भाषेने राज्यसंस्थाच पोखरल्या. डेव्होटांच्या मांडणीच्या मी जवळ आहे. तरी एक उणीव जाणवते: या संशोधनात पक्ष, करार आणि नेते फार आहेत, टेबल आणि अर्ज कमी. जे कागद सामान्य माणसाच्या आयुष्यावर फिरले ते अभ्यासकांच्या हाती कमी आले. एक प्रकरण आले आहे, तेही संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीमुळे. 1993 मध्ये अटक झालेल्या एका तमिळ माणसाचा कबुलीजबाब सिंहलीत टंकलेला होता. त्याला सिंहली येत नव्हती. भाषांतर करणारा आणि टाइप करणारा एकच पोलीस शिपाई होता. त्या कागदावर त्याने अंगठा उमटवला आणि मुख्यतः त्या कागदाच्या आधारे त्याला पन्नास वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती पस्तीसवर आली. हे घडले तेव्हा तमिळ राजभाषा होऊन सहा वर्षे झाली होती. 2004 मध्ये समितीने हा खटला न्याय्य नव्हता असे मत दिले.

युद्ध 2009 च्या मे महिन्यात संपले. सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने 2011 च्या अहवालात शिफारस केली की प्रत्येक सरकारी कार्यालयात तमिळ बोलणारा अधिकारी कायम असावा आणि पोलीस ठाण्यात दोन्ही भाषा जाणणारे अधिकारी चोवीस तास असावेत. म्हणजे तमिळला राजभाषा करून चोवीस वर्षे झाल्यावर त्या देशाच्या आयोगाला ही शिफारस करावी लागली. 2007 च्या परिपत्रकाने नव्याने नोकरीत येणाऱ्यांना पाच वर्षांत दुसरी राजभाषा शिकणे बंधनकारक केले. ही अट सिंहली आणि तमिळ दोघांनाही सारखीच आहे, आणि 1961 च्या परिपत्रकात नेमके हेच नव्हते. 2016 च्या स्वातंत्र्यदिनी राष्ट्रगीत तमिळमध्येही गायले गेले. सरकार बदलल्यावर 2020 मध्ये ते पुन्हा फक्त सिंहलीत झाले. घटनेतले कलम मात्र दोन्ही वर्षी तेच होते.